कर घेणारा वित्त विभाग, बिल अडवणाराही वित्त विभाग! मग वळतं का करून घेत नाहीत?

छापखाना_सातारा · ८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

माझा छोटा छापखाना आहे. दोन ऑफसेट मशीन, तीन माणसं. सरकारी रजिस्टरं, नमुने, पावतीपुस्तकं छापतो. २०२३-२४ मध्ये तालुक्यातल्या एका कार्यालयाचं (नाव घेत नाही, पुढचं कामही तिथूनच यायचंय) २२ लाखांचं काम केलं. त्या वर्षी दुसरं काही घ्यायला सवडच नव्हती, लग्नाच्या पत्रिकासुद्धा परत पाठवल्या. ते पैसे मिळाले. यंदा मार्चमध्ये त्यांनाच ९६ हजारांचं आणखी एक बिल दिलं, ते अजून अडकलंय. विचारायला गेलं की लेखा शाखेतले भाऊसाहेब छताकडे बोट करतात, "वित्त विभागाकडे आहे." जणू वित्त विभाग वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो.

आता गंमत बघा. या ९६ हजारांवरचा १७,२८० रुपये जीएसटी मी एप्रिलमध्येच भरून टाकला, कारण बिल फाडलं की कर लागू, पैसे मिळोत न मिळोत. आणि गेल्या आठवड्यात जीएसटीची नोटीस आली की २०२३-२४ मध्ये तुम्ही ३ लाख ९६ हजारांची उलाढाल कमी दाखवली, सबब ७१,२८० रुपये कर अधिक व्याज!

माझा साधा प्रश्न. मी कर भरतो तो वित्त विभागाला. माझं बिल अडलंय वित्त विभागात. नोटीसही त्यांचीच. मग एकमेकांत वळतं करून का घेत नाहीत? आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला वहीत जमतं ते.

तिखटमीठ · ८ जून, रात्री १०:५८

वाण्याची वही आणि महाराष्ट्र शासन! खुर्ची ओढून बसलोय.

जुना_कोषागारी · ८ जून, रात्री ११:४५

साहेब, मी कोषागारात सव्वीस वर्षं काढली, निवृत्त होऊन सहा झाली. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात "वित्त विभाग" जिथे जिथे आहे तिथे दर वेळी जागा वेगळी आहे. आधी ते सोडवू.

एक, मंत्रालयातला वित्त विभाग. वर मंत्री, खाली अपर मुख्य सचिव, मग सचिव, उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी अशी उतरंड. काम कार्यासनांत, म्हणजे विषयवार शाखांत, वाटलेलं असतं: अर्थसंकल्प, व्यय, सेवा, कराधान वगैरे. "सेवा-४" हे नाव निवृत्तिवेतनाच्या वाटेला लागलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. व्ययची कार्यासनं निरनिराळ्या प्रशासकीय विभागांना वाटून दिलेली असतात, म्हणजे शाळांचा प्रस्ताव एकाकडे तर रुग्णालयांचा दुसऱ्याकडे. कुठलाही खर्चाचा शासन निर्णय उघडा आणि थेट शेवटच्या परिच्छेदांवर या. "हा शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, व्यय-तमुक, अन्वये प्राप्त सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे." नाव "अनौपचारिक", पण त्या ओळीशिवाय पुढे पान हलत नाही. हा विभाग स्वतः तुमच्याकडून एक रुपया घेत नाही आणि तुम्हाला एक रुपया देत नाही. तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. बऱ्याचदा "पुढील माहितीसह फेरसादर करावे" म्हणतो.

दोन, संचालनालय लेखा व कोषागारे. हे आमचं घर. जिल्ह्याला कोषागार, तालुक्याला उपकोषागार, आणि मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय, जे आता वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बिल तपासून पैसे सोडायचं काम इथे. मुख्य अधिकारी महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेचे.

तीन, राज्यकर विभाग, म्हणजे जुना विक्रीकर, आताचा वस्तू व सेवा कर. मुख्यालय माझगावला.

तिन्ही एकाच मंत्र्याखाली आहेत हे खरं. पण चुलत भावांची घरं एका वाड्यात असली म्हणून तिजोरीच्या किल्ल्या एकमेकांना देत नाहीत.

वळतं का करत नाहीत याचं उत्तर कायद्यात आहे. तुमचा राज्याच्या वाट्याचा कर लेखाशीर्ष ०००६ खाली राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. एकदा तिथे पडला की तो कुणाच्या नावाचा राहत नाही. बाहेर काढायचा तर विधिमंडळाने मंजूर केलेली खर्चाची मागणी लागते, आणि ती त्या कार्यालयाच्या विभागाची, त्याच शीर्षाखाली लागते. जमेतून परस्पर खर्च करायची मुभा दिली असती, तर प्रत्येक कार्यालयाने आपलाच गल्ला केला असता.

एमपीएससी_पाचवा_प्रयत्न · ९ जून, सकाळी ७:१५

काका, प्रिंट काढून अभ्यासिकेत लावतो. एक विचारायचं होतं, राज्यकरमधली पदं खालून वर कशी? क्लासच्या नोट्समध्ये अजून "विक्रीकर निरीक्षक"च आहे.

माझगावकर · ९ जून, सकाळी ८:०५

मी याच खात्यात आहे, कुठे ते विचारू नये. :)

खालून: कर सहायक (मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं टंकलेखन लागतं, ते आत्तापासूनच करा, नंतर रडारड होते), राज्यकर निरीक्षक म्हणजे तुमचा एसटीआय, राज्यकर अधिकारी, सहायक आयुक्त, उपायुक्त, सहआयुक्त, अपर आयुक्त, विशेष आयुक्त आणि सर्वात वर राज्यकर आयुक्त. राज्यसेवेतून आलात तर थेट सहायक आयुक्त. सर्वात वरच्या खुर्चीत आयएएस अधिकारी.

पाटी २०१७ मध्ये बदलली, माणसं तीच राहिली. आमच्याकडे अजून "सेल्स टॅक्सवाले आले" असंच म्हणतात. मुंबई प्रांतात विक्रीकर १ ऑक्टोबर १९४६ पासून आला, १९५९ चा कायदा १९६० पासून, व्हॅट १ एप्रिल २००५ पासून आणि जीएसटी १ जुलै २०१७ पासून. पण व्हॅट संपला असं समजू नका. पेट्रोल, डिझेल आणि पिण्याची दारू अजून व्हॅटमध्येच आहे. शिवाय पगारातून कापतात तो व्यवसायकर (महिना २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००) हाही आमच्याचकडे. म्हणजे एकाच कार्यालयात तीन कायद्यांचे गठ्ठे. जुन्या थकबाकीचे इतके कागद होते की २०२३ च्या अभय योजनेत २ लाखांपर्यंतची जुनी थकबाकी माफच करून टाकली.

छापखानावाले, तुमच्या नोटिशीवर संध्याकाळी लिहिते. तोवर एक काम करा. पोर्टलवर लॉगिन करून तुमच्या नोंदणीत अधिकारक्षेत्र कुणाचं लिहिलंय ते बघा. राज्य की केंद्र?

दस्तलेखक · ९ जून, सकाळी ११:३०

जुना_कोषागारी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण एक भर. राज्याचे सगळे कर वित्त विभागाकडे आहेत असा समज होईल. तसं नाही.

मुद्रांक शुल्क राज्याचं मोठं उत्पन्न. ते गोळा करणारे नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक पुण्यात बसतात आणि ते महसूल विभागाचे. रेडीरेकनर, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरांचा तक्ता, त्यांचाच. शेतसाराही महसूलकडे. दारूवरचं उत्पादन शुल्क राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे, ते गृह विभागाखाली. गाडीचा कर परिवहन आयुक्तांकडे. वीज शुल्क ऊर्जा विभागाकडे.

म्हणजे गोळा करणारे पाच-सहा घरांत विखुरलेले आणि खर्चाला हो म्हणणारा एकच. पोरं कमावून आणतात, किल्ली आजीच्या कनवटीला.

तिखटमीठ · ९ जून, सकाळी ११:४१

थांबा थांबा. म्हणजे दारूच्या एका बाटलीवर उत्पादन शुल्क गृह विभागाचं आणि व्हॅट माझगावचा? एका क्वार्टरसाठी दोन खाती जागी ठेवतो आम्ही!

दस्तलेखक · ९ जून, सकाळी ११:५०

आणि तो शुल्काचा सगळा कारभार ज्या कायद्यावर चालतो त्याचं नाव आहे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. नाव वाचून पैसे मोजायचे.

गोंयकार_पात्रांव · ९ जून, दुपारी २:२०

आमच्या गोव्यात थोडं निराळं आहे. बाकीच्या राज्यांचे हिशेब महालेखापालांचं कार्यालय जुळवतं, गोव्याचे हिशेब राज्याचंच लेखा संचालनालय जुळवतं, पणजीत. महालेखापाल फक्त तपासायला. लहान राज्य, एका खोलीत सगळं मावतं. पण बिल अडकलं की आमच्याकडेही बोट छताकडेच जातं हां, त्यात फरक नाही.

जुना_कोषागारी · ९ जून, दुपारी ३:०५

गोंयकार, बरोबर. आमच्याकडे महालेखापालांची दोन कार्यालयं, मुंबई आणि नागपूर. आमची सगळी प्रमाणकं (पैसे दिल्याची बिलं, व्हाउचर) दर महिन्याला तिकडे जायची. एक प्रमाणक कमी निघालं तर अख्खा विभाग कपाटं पालथी घालायचा. एकदा ते सापडलं शिपायाच्या डब्याखाली, वाटाण्याच्या उसळीचा डाग पडलेलं. तसंच पाठवलं. "डाग पडलेला आहे, रकमेवर परिणाम नाही" असा शेरा मारून.

म्युनिक_मराठी · ९ जून, सायंकाळी ५:१०

इथे उलटा प्रकार. कर कार्यालय प्रांताचं, इथलं बव्हेरियाच्या वित्त मंत्रालयाखाली, आणि तेच केंद्राच्या वाट्याचा आयकर आणि विक्रीवरचा करही गोळा करतं. नागरिकाला खिडकी एकच. मंत्रालयाच्या नावात मात्र वित्तासोबत "मातृभूमी"सुद्धा आहे. कर भरताना गहिवरून येतं.

छापखाना_सातारा · ९ जून, सायंकाळी ७:३०

माझगावकर ताई, पोर्टल बघितलं. अधिकारक्षेत्र "केंद्र" असं लिहिलंय. खाली कुठल्या तरी रेंजचं नाव. म्हणजे काय?

माझगावकर · ९ जून, रात्री ९:१५

म्हणजे ज्या घराला तुम्ही आठवडाभर शिव्या देताय, त्या घराने नोटीस पाठवलेलीच नाही. :)

जीएसटी आला तेव्हा करदात्यांची वाटणी झाली. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांपैकी ९० टक्के राज्याकडे, १० टक्के केंद्राकडे. दीड कोटीच्या वर निम्मे-निम्मे. कोण कुठे हे संगणकाने ठरवलं. तुम्ही त्या दहा टक्क्यांतले. तुमचा अधिकारी केंद्राचा अधीक्षक, त्याच्या वर डिव्हिजन, त्याच्या वर आयुक्तालय, आणि शेवट दिल्लीत. मुंबईच्या वित्त विभागाचा त्याच्याशी संबंध नाही. कर मात्र तुम्ही भरता तो निम्मा राज्याचा, निम्मा केंद्राचा, अधिकारी कुणीही असो.

आता नोटीस. मजकूर बघितल्याशिवाय खात्रीने बोलत नाही, पण आकडे बोलतायत. २२ लाखांवर १८ टक्के म्हणजे किती? ३ लाख ९६ हजार! बरोब्बर तेवढाच फरक ते सांगतायत. सरकारी कार्यालयाने अडीच लाखांवरच्या कामावर २ टक्के जीएसटी टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा कर) कापायचा असतो, पण तो कर सोडून उरलेल्या रकमेवर, म्हणजे २२ लाखांवर ४४,०००. जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात टीडीएस किती जमा झालाय?

छापखाना_सातारा · ९ जून, रात्री ९:४०

५१,९२०. अरे देवा.

माझगावकर · ९ जून, रात्री ९:५२

तेच. त्यांनी करासकट २५,९६,००० वर कापला आणि आपल्या विवरणपत्रात तोच आकडा भरला. यंत्रणेने दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि तुमची उलाढाल कमी निघाली. यात ना तुमची लबाडी, ना नोटीस काढणाऱ्याची. नोटीस एएसएमटी-१० (विवरणपत्रातल्या तफावतीचा खुलासा मागणारा नमुना) असेल तर ३० दिवसांत एएसएमटी-११ या नमुन्यात उत्तर द्या. सोबत बिलांच्या प्रती, कार्यादेश आणि हा दोन ओळींचा हिशेब. जास्त निबंध लिहू नका. मान्य झालं तर एएसएमटी-१२ येतं आणि विषय मिटतो. गप्प बसलात तर मात्र पुढची नोटीस मागणीची, मग अपील, मग वकील. जादा कापलेले ७,९२० बुडाले नाहीत, तुमच्याच रोख खात्यात आहेत, कर भरायला वापरा.

एमपीएससी_पाचवा_प्रयत्न · ९ जून, रात्री १०:०१

क्लासमध्ये असं का शिकवत नाहीत!

जुना_कोषागारी · १० जून, सकाळी ६:३०

नोटीस मिटली असं धरू. आता ९६ हजारांकडे या. मला पहिल्यापासून "वित्त विभागाकडे आहे" हे पटलेलं नाही.

पैसा खाली कसा येतो पाहा. विधिमंडळ अर्थसंकल्प मंजूर करतं. वित्त विभाग बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर त्या विभागाला निधी सोडतो, बहुतेक वेळा सगळा नाही, टप्प्याने. विभाग तो नियंत्रक अधिकाऱ्याला देतो, म्हणजे आयुक्त किंवा संचालक. तो वाटतो आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना, म्हणजे कार्यालयाची बिलं काढणाऱ्या डीडीओंना. तुमच्या तालुक्याच्या कार्यालयाचा डीडीओ ही शेवटची पायरी. त्याच्या नावावर "१३ कार्यालयीन खर्च" या उद्दिष्टाखाली रक्कम दिसली तरच बीडीएसची, म्हणजे निधी असल्याची, पावती निघते. ती बिलाला जोडली की बिल कोषागारात येतं, टोकन पडतं, लेखापरीक्षक तपासतो, आणि पैसे थेट तुमच्या खात्यात. कोषागारात बिल नाकारलं तर आक्षेप लेखी असतो. तोंडी काही नसतं.

९६ हजारांच्या छपाईची सादिल (किरकोळ कार्यालयीन खर्चाची) बिलं मंत्रालयात जात नाहीत हो. मार्चअखेर गर्दीत त्यांनी तुमचं बिल मुदतीत घातलं नसेल, ३१ तारखेला निधी व्यपगत झाला, म्हणजे न वापरल्यामुळे परत गेला, आणि या वर्षी त्यांनी आपल्याच नियंत्रक अधिकाऱ्याकडे प्रलंबित देयकासाठी मागणी पाठवली नसेल. माझा अंदाज हा. ३१ मार्चची रात्र मी सव्वीस वेळा बघितलीय, बारा वाजेपर्यंत माणसं फायली छातीशी धरून उभी असतात, त्यात छोटी बिलं सर्वात आधी खाली पडतात. नंतर कुणाला सांगायचं? वित्त विभाग हे फार सोयीचं नाव आहे. ते ऐकल्यावर समोरचा माणूस मुंबईचं तिकीट काढत नाही, घरी जातो.

भाऊसाहेबांना तीनच गोष्टी विचारा. बिल कोषागारात सादर केलं होतं का, केलं असेल तर टोकन क्रमांक किंवा आक्षेपाची प्रत. नसेल तर यंदाच्या निधी मागणीचं जावक क्रमांकाचं पत्र. आणि हे विचारताना हसतमुखाने, एक पेढ्याचा पुडा नेला तरी चालेल, पण वही-पेन काढून समोर उघडून बसा. वही उघडली की छताकडे जाणारं बोट खाली येतं.

तिखटमीठ · १० जून, सकाळी ९:००

पेढे म्हणजे कंदी पेढे. साताऱ्याच्या माणसाला हे सांगावं लागतंय!

ठाण्याची_मावशी · १० जून, सकाळी ११:२५

अवांतर होईल, पण विचारतेच. आमच्या ह्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन बँकेतून येतं. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी सही करायला बँकेत जाते. ते कोषागाराचं काम की बँकेचं? मागच्या वर्षी बँकेने यादीच आली नाही म्हणून परत पाठवलं होतं.

जुना_कोषागारी · १० जून, दुपारी १२:१०

मावशी, निवृत्तिवेतन कोषागार देतं, बँक फक्त पोहोचवते. यादी कोषागार बँकेला पाठवतं, त्यात आपल्या नावासमोर सही करायची. परत पाठवलं तर घरी येऊ नका, थेट जिल्हा कोषागारात निवृत्तिवेतन शाखेत जा, पीपीओ (निवृत्तिवेतन प्रदान आदेश) क्रमांक बरोबर ठेवा. दाखला तिथेही घेतात. आणि सहीनंतर बँकेतून पोच मागा. लाजू नका.

छापखाना_सातारा · २१ जून, रात्री ८:५०

मंडळी, वृत्तांत.

नोटिशीचं उत्तर गेल्या आठवड्यातच टाकलं. पान दीड. ताईंनी सांगितलं तसा हिशेब आणि बिलांच्या प्रती.

आज कार्यालयात गेलो होतो. वही उघडली. भाऊसाहेबांनी आधी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कपाट उघडलं. माझं बिल कपाटात होतं! कोषागारात गेलेलंच नाही. २७ मार्चची त्यांच्याच आवकची मोहर, आणि वर पिवळी चिठ्ठी, "पुढील वर्षी घेणे." एवढंच. मुंबईतल्या कुणालाही माझ्या ९६ हजारांचा पत्ता नाही.

साहेबांना भेटलो. चांगले आहेत, नवीन बदलून आलेत. त्यांनी माझ्यासमोर मागणीचं पत्र करायला लावलं. जावक क्रमांक वहीत उतरवून घेतलाय.

माझगावकर · २१ जून, रात्री ९:२०

उत्तम. आणि त्यांना हेही सांगा की पुढच्या वेळी टीडीएस कर वगळून कापा. नाहीतर पुढच्या छापखान्यालाही हीच नोटीस.

छापखाना_सातारा · २ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

एएसएमटी-१२ आलं. विषय बंद.

बिल काल कोषागारात सादर झालं. टोकन पडलंय. भाऊसाहेबांनी स्वतः फोन करून नंबर सांगितला, आणि विचारलं, तुमचे ते कोषागारवाले काका कोण, आमची आणखी चार बिलं अडलीत.

जुना_कोषागारी · २ ऑगस्ट, रात्री ९:००

मी निवृत्त झालोय असं सांगा.